हाताने फिरवायचं पास्ता मशीन: घेऊ का नको विचारणाऱ्यांसाठी

सोसायटीतल्या तिघींनी आणि ऑफिसातल्या एकीने वेगवेगळं विचारलं की तुझं ते पास्ता मशीन कसं आहे गं, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवत बसायला नको. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझ्या तक्रारींमधल्या निम्म्या माझ्याच चुका आहेत आणि उरलेल्या या प्रकारच्या कुठल्याही मशीनला लागू होतील.

तर वस्तू अशी आहे की चकचकीत स्टीलचं, दोन-अडीच किलो वजनाचं, एका बाजूला हँडल, मधे दोन रोलर साधारण १५ सेंटीमीटर रुंद, दुसऱ्या बाजूला १ ते ७ आकड्यांची चकती ज्याने दोन रोलरमधली फट कमी-जास्त होते, आणि पुढे लावायचा कटर ज्यात एक रुंद पट्ट्यांचा आणि एक बारीक शेवेसारखा भाग. ऑनलाइन सेलमध्ये अडीच हजाराच्या आत पडलं. डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात हे कुठे ठेवणार हा प्रश्न मी घेताना विचारला नव्हता, तो नवऱ्याने बॉक्स उघडल्यावर विचारला. सासूबाई बार्शीच्या, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं हे शेवयांचंच मशीन आहे की, नुसती जाळी काढून घेतलीय." तेव्हा मी हसले होते. पुढे वाचा.

पहिली अडचण कोणी सांगत नाही ती सांगते. याला खाली एक क्लॅम्प येतो, तो टेबलाच्या कडेला अडकवून स्क्रू आवळायचा. व्हिडिओमध्ये सगळ्यांच्या घरी लाकडी किचन टेबल असतं ज्याची कड बाहेर आलेली असते. आपल्याकडे असतो ओटा. ग्रॅनाइटची दुहेरी पट्टी लावून जाड केलेली गोल कड, खाली लगेच ट्रॉलीचं दार, क्लॅम्प शिरायला बोटभर जागा नाही. डायनिंग टेबल काचेचं. शेवटी लेकाचं स्टडी टेबल सापडलं ज्याला क्लॅम्प बसतो, म्हणजे पास्ता करायचा तर आधी भूगोलाची वही, कंपास, अर्धवट खाल्लेलं चिक्कीचं पाकीट हे सगळं उचला, टेबल पुसा, खाली जुना पेपर पसरा. घेण्याआधी घरात मोजपट्टी घेऊन फिरा, खरंच सांगते. क्लॅम्प बसत नसेल तर एकाने मशीन दाबून धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, तिसऱ्याने पट्टी झेलायची, लग्नघर होतं नुसतं.

दुसरं, नवीन मशीनच्या रोलरला तेल असतं. पहिला एक छोटा गोळा तीन-चारदा फिरवून फेकून द्यायचा, तो काळपट होऊन बाहेर येतो. माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं, पहिल्या फेरीतला पास्ता ग्रे रंगाचा आला आणि लेकाने विचारलं आई हा सिमेंटचा आहे का.

आता पीठ. यावर मी सगळ्यात जास्त डोकं घालवलंय आणि खरा खेळ इथेच आहे, मशीन बिचारं फक्त लाटतं. इटलीत दोन घराणी आहेत असं समजा. उत्तरेकडे, बोलोन्याच्या बाजूला, मऊ गव्हाचं एकदम बारीक पांढरं पीठ आणि अंडी, हिशोब सोपा, १०० ग्रॅम पिठाला १ अंडं, पाणी नाही. दक्षिणेकडे अंडं नाही, नुसता डुरम गव्हाचा दोनदा दळलेला बारीक रवा आणि कोमट पाणी, वजनाने साधारण दोनास एक. आमच्याकडे अंड्याची कढई वेगळी आणि ती सुद्धा बाल्कनीतल्या शेगडीवर, त्यामुळे मला दक्षिणेकडे जाणं भाग होतं.

पहिला प्रयोग रोजच्या पोळीच्या कणकेचा केला कारण घरात तीच होती. करू नका. कोंड्यामुळे पट्टी रोलरमधून येताना कडेने फाटते आणि शिजल्यावर चक्क चकोल्या लागतात, चकोल्या मला आवडतात पण त्यासाठी अडीच हजाराचं मशीन कशाला, लाटणं आहे. दुसरा नुसता मैदा आणि पाणी, तो गुळगुळीत लाटला जातो पण पाण्यात पडला की बुळबुळीत, दाताला काही लागतच नाही. तिसरा साधा बारीक रवा मिक्सरला फिरवून, हा जरा जमला पण रंग पांढराफटक. मग सासूबाई म्हणाल्या की शेवयांना आम्ही बन्सी घ्यायचो, साध्या गव्हाच्या शेवया तुटतात. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली, कारण बन्सी म्हणजेच डुरम! आपल्या मराठवाड्यात आणि खाली कर्नाटकात आधीपासून होत आलेला, टणक, पिवळसर दाण्याचा गहू. पास्त्याच्या पाकिटावर ड्युरम व्हीट सेमोलिना असं ऐटीत लिहिलेलं असतं ना, तो चुलत्याच्या घरातलाच निघाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने डुरमच्या नव्या जाती सुद्धा काढल्यात, एमएसीएस ४०२८ म्हणून एक आहे तिच्यात १४.७ टक्के प्रोटीन सांगतात, आणि पास्ता शिजून गिचका होत नाही तो या प्रोटीनमुळेच.

तर माझं आता ठरलेलं प्रमाण म्हणजे बन्सी रवा ३०० ग्रॅम, मिक्सरला दोनदा फिरवून बारीक चाळणीने चाळून, त्यात १०० ग्रॅम मैदा, आणि १९० ते २०० मिली कोमट पाणी. पावसाळ्यात १८० पुरतं. मळताना वाटतं की हे कधीच एकत्र येणार नाही, भगराळ दिसतं, तेव्हा पाणी वाढवायचा मोह होतो, वाढवू नका, दहा मिनिटं तळहाताने रगडून तिंबा, ओल्या फडक्याखाली पाऊण तास झाकून ठेवा आणि परत बघा, रव्याने पाणी पिऊन गोळा रबरासारखा मऊ झालेला असतो. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेपेक्षाही थोडा घट्ट पाहिजे. बोटाने दाबलं की खड्डा हळूहळू भरून यायला पाहिजे.

लाटायची पद्धत. गोळ्याचे चार भाग, एक हातात बाकी झाकलेले. हाताने चपटा करून चकती १ वर, एकदा फिरवायचं, घडीच्या पोळीसारखी तीन पदरी घडी घालायची, परत १ वर. असं सहा-सात वेळा. पहिल्या दोन वेळेला कडा फाटलेल्या, मधे भोकं, अगदी भिकार दिसतं आणि माणूस खचतो, चौथ्या वेळेला अचानक साटीनच्या कापडासारखं गुळगुळीत बाहेर येतं, हा क्षण मला अजून आवडतो, खोटं कशाला बोलू. मग घडी न घालता २, ३, ४, ५ असं बारीक करत जायचं. पट्टी हातभर लांब होते, डाव्या हाताने फिरवून उजव्या मनगटावर झेलायची, साडीच्या निऱ्या झेलतो तशी. पट्ट्यांसाठी ५ ला थांबा. ६ वर लझान्याला, म्हणजे थर लावून भाजायच्या पास्त्याला, चांगली. ७ वर पलीकडचा पेपर वाचता येतो पण उकळत्या पाण्यात विरघळून जाते, मी नाद सोडला. कापण्याआधी पट्टी दहा मिनिटं फॅनखाली ठेवून दोन्हीकडून सुका रवा भुरभुरवायचा, मैदा नाही, मैदा चिकटून परत लगदा होतो. हे नाही केलं तर कटरमधून पट्ट्या सुट्या न येता पुस्तकासारख्या जोडलेल्या येतात आणि मग एकेक पान सोडवत बसा.

कटरचा रुंद भाग सहा-साडेसहा मिलीमीटरचा आहे. बोलोन्यावाले यावर नाक मुरडतील कारण त्यांनी टॅलियातेलेची, म्हणजे अशाच चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याची, रुंदी १९७२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर नोंदवून ठेवलीय, शिजल्यावर ८ मिलीमीटर, आणि त्याची सोन्याची पट्टी करून ठेवलीय. वर हिशोब काय तर त्यांच्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. पुणेकरांनी बाकरवडीचं असं काही केलं नाही अजून, आयडिया देऊन ठेवते.

आता माझा अपघात. पहिल्या पावसाळ्यात मी वापरून तसंच ओट्यावर ठेवलं आणि ऑफिसला गेले. कामाच्या मावशींना वाटलं पीठ लागलंय, त्यांनी प्रेमाने साबण लावून, तारेच्या घासणीने घासून, नळाखाली धरून पालथं घालून ठेवलं. हे मशीन पाण्यात घालायचं नसतं, कधीच नाही, आतमध्ये दातेरी चाकं असतात तिथे पीठ जाऊन त्याची खळ होते आणि मग गंज. चार दिवसांनी फिरवलं तर कर्रर्र आवाज आणि पट्टीवर तपकिरी रेघा. मावशींना काय बोलणार, चूक माझी, सांगितलंच नव्हतं. उन्हात दोन दिवस, हेअर ड्रायर, कोरडा ब्रश, रोलरच्या टोकाशी दोन थेंब तेल असं करून कणकेचे तीन गोळे वाया घालवले तेव्हा परत चालू झालं. कटर मात्र पूर्वीसारखा राहिला नाही, डाव्या बाजूच्या दोन पट्ट्या अजूनही जोडीने येतात. तेव्हापासून साफ करायची माझी रीत म्हणजे अर्धा तास तसंच वाळू द्यायचं, मग जुन्या रंगाच्या ब्रशने झटकायचं, टूथपिकने कटरमधलं काढायचं, आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून माळ्यावर.

वेळ किती लागतो? पहिल्यांदा दोन तास दहा मिनिटं लागले, आता चार माणसांचं सव्वा तासात होतं, त्यात झाकून ठेवायचा वेळ धरलाय, आवराआवर धरली नाहीये. ऑफिसातून ७.१० च्या स्लोने आल्यावर कोण करणार हे. म्हणून विचारणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं की रोजच्या जेवणासाठी घेत असाल तर नका घेऊ. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो याचं फार कौतुक करतात, अहो पण त्याच्या आधीचा तास कोण मोजणार? रोजच्यासाठी सुका पाकिटातलाच बरा आणि तो काही कमी प्रतीचा नाही, हा गैरसमज मला पण होता. इटलीत घरोघरी रोज सुकाच शिजतो. फक्त पाकिटाच्या मागे बघा, नुसता डुरमचा रवा लिहिलेला पाहिजे, मैदा किंवा मिक्स नको. तिकडे तर १९६७ पासून कायदा आहे की तिथे विकायला केलेला सुका पास्ता डुरमचाच हवा. आणि पृष्ठभाग हाताला खरखरीत, पिठूळ दिसणारा घ्या, चकचकीत पिवळाधमक प्लास्टिकसारखा दिसणाऱ्याला सॉस चिकटत नाही.

मशीनपेक्षा जास्त फरक मला उकळायच्या पाण्याने पडला. इटलीवाल्यांचा हिशोब पाठ करायला सोपा आहे, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम पास्ता. १० ग्रॅम म्हणजे पावणेदोन छोटे चमचे होतात, मी दीड घालते, सासूबाईंचं बीपी आहे. तेल घालायचं नाही, तेल वर तरंगतं आणि नंतर सॉस निसटतो. थंड पाण्याने धुवायचं तर अजिबातच नाही, मी पंधरा वर्षं धूत होते, नळाखाली चाळणीत, सगळी चव मोरीत. पाकिटावर १० मिनिटं असेल तर ८ ला काढा, एक वाटी ते गढूळ पाणी बाजूला ठेवा आणि उरलेला शिजू दे सॉसमध्ये. त्या पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकत्र धरून राहतं आणि सॉस पास्त्याला गुंडाळून बसतो, ताटात खाली पाणी सुटत नाही. ही एक गोष्ट कळली तर क्रीमचा डबा आणायची गरज राहात नाही.

सॉसमध्ये आमच्या घरी आठवड्याला फिरून फिरून चारच होतात. सगळ्यात जास्त लसूण-तेलाचा, नेपल्सकडचा आल्यो ए ओल्यो. चार जणांना आठ-दहा पाकळ्या लसूण पातळ चिरून, गार तेलात टाकून मग गॅस लावायचा, हे आपल्या हाताला फार जड जातं कारण आपण तेल कडकडीत झाल्याशिवाय काही टाकत नाही. मंद आचेवर लसूण फिकट सोनेरी झाली की दोन सुक्या बेडग्या चुरून, लगेच पास्त्याचं पाणी, लगेच पास्ता. तपकिरी झाली की गेलं, कडू. एकदा घाण्याच्या शेंगदाणा तेलात केलं तर नवऱ्याने विचारलं भात कुठेय, कारण घरभर वरणाच्या फोडणीचा वास. पास्त्याच्या पाण्याचा फायदा बघायचा असेल तर हाच करून बघा, पाणी पडल्यावर कढई हलवत राहिलं की तेल दुधाळ होतं.

दुसरा टोमॅटोचा. एक किलो लांबट पिकलेले टोमॅटो, अर्धे करून किसणीवर किसायचे, साल हातात राहते. एक कांदा नुसता दोन तुकडे, ६० ग्रॅम लोणी, मीठ, बस. लसूण नाही, ओरेगॅनो नाही, गरम मसाला तर अजिबात नाही. मंद आचेवर पाऊण तास, अधूनमधून ढवळत. कडेला लोणी सुटायला लागलं की झाला. शेवटी कांदा काढून टाकायचा, आमच्याकडे टाकत नाहीत, सासूबाई तो दुसऱ्या दिवशी मसूरच्या आमटीत घालतात आणि ती आमटी जगात भारी लागते. आपले टोमॅटो ट्रकमध्ये टिकावेत म्हणून जाड सालीचे घट्ट असतात, आंबट जास्त, त्यामुळे चिमूटभर साखर मला चालते, कोणाला पटो ना पटो. बाटलीतले सॉस मी चार ब्रँडचे आणून बघितले, नावं घेत नाही, सगळ्यांत साखर इतकी की लेकाने पोळीला जॅमसारखा लावून खाल्ला. हा सॉस दुप्पट करून डब्यात फ्रीझरला टाकते, महिनाभर टिकतो आणि बुधवारी रात्री देवासारखा धावून येतो.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभर-दीडशेच्या पुढे गेले तेव्हा हा सॉस आमच्याकडे बंदच होता. तेव्हा लाल भोपळ्याचा केला. भोपळा वाफवून, लसूण, मिरपूड, जायफळ किसून आणि पास्त्याचं पाणी घालून फिरवायचा. उत्तर इटलीत भोपळा भरून पास्ता करतातच, त्यामुळे हे काही मी मनाचं केलेलं नाही. लेकाला अजून माहीत नाही तो भोपळा आहे. त्याला कोणी सांगू नका.

तिसरा चीज-मिरीचा, रोमचा काच्यो ए पेपे, माझा तीनदा फसला. फक्त पेकोरिनो चीज, मिरी आणि पाणी, पण गरम कढईत चीज टाकलं की त्याचे चुइंगमसारखे गोळे. आता हे वाचून हसाल, इटालियन फिजिक्सवाल्यांनी २०२५ मध्ये यावर खरोखर पेपर लिहिलाय आणि उपाय सांगितलाय की चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असला की गोळे होत नाहीत. म्हणजे २०० ग्रॅम चीजला ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, पाण्यात शिजवून खळ करायची, गार झाल्यावर चीज त्यात फिरवायचं. असं केलं, जमलं. पण ते चीज इतकं महाग की वर्षातून एकदाच. आपलं प्रोसेस्ड चीज घातलं तर कधीच फाटत नाही कारण त्यात तसे क्षार घातलेलेच असतात, चव वेगळी येते पण पोरं ताट चाटून पुसून खातात. शुद्ध शाकाहारी असाल तर मूळ इटालियन पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करायला घालतात ते रेनेट असतं हे लक्षात ठेवा, हिरवा ठिपका बघूनच घ्या. आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं आणि सासूबाईंना सांगायची जबाबदारी नवऱ्याची होती, अजून आहे.

चौथा छोल्यांचा, पास्ता ए चेची. रात्री भिजवलेले काबुली चणे कुकरला सहा शिट्ट्या, अर्धे घोटायचे अर्धे अख्खे, लसूण आणि एक टोमॅटो परतून त्यात ते सगळं, आणि छोटा पास्ता त्यातच शिजवायचा, वरून कच्चं ऑलिव्ह ऑइल. एकाच पातेल्यात पोटभरीचं. सासूबाई पहिला घास खाऊन म्हणाल्या, "चकोल्याच की गं, फोडणी विसरलीस." दुसऱ्या वेळेला त्यांनी वर तूप घेतलं. तेही चांगलं लागतं, मी पण घेते आता.

व्हाइट सॉसबद्दल विचारू नका. हॉटेलात जो मिळतो ती दुधातली मैद्याची खळ असते, पोस्टर चिकटवायला बरी. तिकडे तो प्रकार लझान्यासारख्या भाजायच्या पदार्थात थरांमध्ये घालतात, तिथे तो छान लागतो. पेस्टोसाठी, म्हणजे त्यांच्या बेसिलच्या चटणीसाठी, मात्र एक फुकटचा सल्ला, महागडी बेसिलची जुडी आणायच्या आधी फालुद्यातला सब्जा कुंडीत पेरून बघा, तो त्याच जातीचा, वास थोडा बडीशेपेकडे जातो पण शेंगदाणे नाहीतर काजू घालून काम भागतं.

आता मशीनकडे परत येते, कारण खरी गंमत नंतर झाली. गेल्या मे महिन्यात रविवारी मी टेबल आवरून, क्लॅम्प आवळून, सगळा संसार मांडून बसले होते. बन्सीचा गोळा मुरत होता. सासूबाईंनी त्यातला लिंबाएवढा गोळा तोडून घेतला, मांडीवर उलटं सूप घेतलं, आणि हरभऱ्याएवढे तुकडे तोडून अंगठ्याच्या नखाने दाबून मागे ओढायला लागल्या. टक, टक, टक. एक तुकडा, एक दाब, एक वाटोळी खोलगट टोपी. "नखुल्या," म्हणाल्या, "रुखवतात ठेवायचो आम्ही." मग माझी जुनी फणी मागितली, गरम पाण्याने धुवून घेतली, तिच्यावर एक चपटा तुकडा दाबून गुंडाळला तर वर बारीक रेघा, त्या फणोल्या. मालत्या, बोटवे, आणि दोन बोटांत वळलेले गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, जे मी आजपर्यंत फक्त लग्नाच्या खिरीत बघितलेले.

मी फोन काढून त्यांना बारीतला व्हिडिओ दाखवला. इटलीच्या टाचेकडचं हे गाव, तिथल्या जुन्या भागात एका बोळात बायका दारात फळ्या मांडून बसतात आणि ओरेक्येत्ते म्हणजे छोटे कान करतात, पीठ तेच डुरमचं, अंडं नाही, सुरीने तुकडा दाबून ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. सासूबाईंनी दोनदा बघितलं. म्हणाल्या, "बाई चपळ आहे. पण सुरी कशाला लागते तिला?" आणि त्या उत्तरेकडच्या गारगानेल्ली नावाच्या पास्त्याला चौकोन काठीवर गुंडाळून चक्क फणीवरच फिरवतात, ते दाखवलं तर त्यांनी फोन हातातून घेतला आणि शेजारच्या काकूंना दाखवायला गेल्या.

चार जणांच्या नखुल्या दोघींनी मिळून पन्नास मिनिटांत केल्या, टीव्ही बघत, गप्पा मारत. ना टेबल लागलं, ना क्लॅम्प, ना ब्रश. शिजायला सात-आठ मिनिटं लागली कारण जाड असतात, आणि टोमॅटोचा सॉस त्या खोलग्यात जाऊन बसला, पट्ट्यांवर तो असा कधीच बसला नव्हता. दाताला जी टणक लागते ना ती मशीनच्या पास्त्याला मला कधी मिळाली नाही. वरचेवर करून उन्हात खडखडीत वाळवल्या तर डब्यात भरून वर्षभर राहतात, रुखवतातल्या राहायच्याच की.

तर रिव्ह्यू विचारलात म्हणून सांगते, मशीन म्हणून वस्तू चांगली, पाचात साडेतीन देईन. अर्धा क्लॅम्पचा कापला, एक पावसाळ्याचा. अंडी चालणारं घर असेल, घरात बाहेर कड आलेलं लाकडी टेबल असेल, आणि रविवारी दोन तास मुलांना गुंतवून ठेवायचं असेल तर जरूर घ्या, मुलांना हँडल फिरवायला फार आवडतं. लझान्या किंवा सारण भरलेली रॅव्हिओली करणार असाल तरी घ्या, ते हाताने लाटून एकसारखं पातळ होत नाही. रोज रात्रीच्या जेवणासाठी नको. त्या पैशात चांगला सुका पास्ता, ऑलिव्ह ऑइलची बाटली, बन्सी रवा पाच किलो आणि एक जड बुडाचं मोठं पातेलं येतं, वर पैसे उरतात.

आणि विकणार आहेस का असं चौथ्या मजल्यावरून विचारणं झालंय, तर नाही. दिवाळीत शंकरपाळ्यांचं पीठ त्यातून चकती ३ वर काढलं तर सगळ्या एका जाडीच्या झाल्या, एकही कच्ची राहिली नाही, आणि करंज्यांच्या पाऱ्या ५ वर. सासूबाईंनी स्वतः हँडल फिरवलं. या वर्षी चिरोटे करून बघायचे आहेत, त्यामुळे दिवाळीच्या पंधरवड्यात उसनं मागायला कोणी येऊ नका, माळ्यावरून आत्ताच खाली काढलंय.